दंडावरचा रुमाल

होरेस पेटग्रू हातमोजे विकायचा. टोरांटोतल्या एका मोठ्या दुकानात तळमजल्यावर, जिन्याशेजारी त्याचं काउंटर होतं आणि काउंटरमागे एक लाकडी पाट होता. पाटावर उभा राहिला की होरेस गिऱ्हाइकाला पुरता दिसे. पाटावरून उतरला की बायका म्हणत, "इथला तो माणूस कुठे गेला?" आणि होरेस खालून म्हणे, "इथेच आहे, बाईसाहेब." एवढं सोडलं तर त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कपडे स्वच्छ, मिशी बेताची, रविवारी चर्च चुकत नसे, आणि कोणाचाही हात नुसता बघून तो मोज्याचा नंबर सांगायचा.

मिस ऑगस्टा लॉरी त्याला भेटली ती या नंबरापायीच. ती टेलिफोनच्या ऑफिसात मुलींवर देखरेख करायची. मुली रांगेत बसून तारा जोडत आणि ऑगस्टा त्यांच्या मागून दिवसभर इकडून तिकडे चालत राही. उंची अशी की दुकानाच्या दारातून आत येताना ती सवयीने मान वाकवायची, दार चांगलं दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढं उंच असलं तरी. त्या दिवशी तिने हात पुढे केला तेव्हा शेजारच्या काउंटरवरचा पोरगेला सेल्समन फिसकन हसला आणि म्हणाला, "बाई, हा नंबर बायकांत येत नाही." ऑगस्टाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. होरेस पाटावरून उतरला, आत गेला, पुरुषांच्या खोक्यातला एक मऊ करडा जोड काढला, बायकांच्या जांभळ्या कागदात गुंडाळला आणि बाहेर येऊन म्हणाला, "हा नवा आलाय, बाईसाहेब. लांब बोटांचा. सध्या याचीच चलती आहे."

ऑगस्टाला सगळं कळलं. पुढच्या महिन्यात आणखी एक जोड घ्यायला आली, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी एक. एका बाईला इतके हातमोजे लागत नाहीत. शेवटी होरेसनेच विचारलं की रविवारी बागेत बँड ऐकायला याल का.

मग ते दर रविवारी फिरू लागले. होरेस पदपथाच्या कडेवरून चालायचा आणि ऑगस्टा खाली रस्त्यावरून. एवढी तडजोड दोघांनी आपापसात काही न बोलता करून टाकली होती.

पानगळ सुरू झाली तेव्हा होरेसने बाकावर बसून तिला मागणी घातली. उभ्याने घालायचा विचार त्याने सोडून दिला होता. ऑगस्टाने आपल्या करड्या मोज्यांकडे पाहिलं.

"होरेस, मी तुम्हाला एक सांगते, पण हसायचं नाही हं."

"नाही हसणार."

"बाबा होते तोवर आमच्या घरात नाच म्हणजे सैतानाच्या घरचा जिना. ते गेले, आणि मी जायला लागले सगळीकडे. लग्नं, सहली, ऑफिसचे जलसे. जाते आणि भिंतीला लागून खुर्चीवर बसते. हातात सरबताचा पेला. लोक येतात ते शेजारची खुर्ची रिकामी आहे का विचारायला. मला आजवर एकाही माणसाने चला म्हटलेलं नाही."

होरेस हसला नाही.

"मला फार काही नको," ती म्हणाली. "मे महिन्यात राणीच्या वाढदिवसाला सरोवरातल्या बेटावरच्या मंडपात सगळं गाव जमतं. तिथे सगळ्यांसमोर एक फेरी. मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, माझ्या खुर्चीसमोरून. एकच. मग पुन्हा विचारा."

"हात्तिच्या! एवढंच ना?" होरेस म्हणाला.

होरेस जन्मात कधी नाचला नव्हता. तुम्हाला नाचता येतं का, हे ना तिने त्याला विचारलं, ना त्याने तिला. लग्न ठरवताना माणसं महत्त्वाचं तेवढं नेमकं विचारायचं विसरतात.

टोरांटो तेव्हा भारी सोवळं गाव. रविवारी मुलांचे झोपाळेसुद्धा बांधून ठेवत. अशा गावात नाच शिकायचा तर कुठे? होरेसने चौकशी केली आणि त्याला कळलं की क्वीन स्ट्रीटवर दारूबंदी मंडळाच्या हॉलात, वरच्या मजल्यावर, 'सभ्य चालण्या-वागण्याचा वर्ग' चालतो. चालवणारे प्रोफेसर दुवाल. हे पॅरिसचे होते असं ते स्वतः सांगत. त्यांची बायको पियानो वाजवता वाजवता कधी चुकून जवळच्याच हॅमिल्टन गावातल्या सासरच्या शेजाराच्या गप्पा काढी तेव्हा प्रोफेसरसाहेब जोरात खोकत.

मंडळाने हॉल दिला होता तो दोन अटींवर. एक, हॉलात नाच हा शब्द उच्चारायचा नाही. दुसरी, पुरुष आणि बायका एका संध्याकाळी एकत्र येता कामा नयेत. पहिल्या अटीवर प्रोफेसरांनी तोडगा काढला: नाचाला ते 'चाल' म्हणत आणि वॉल्ट्झ या जोडीने गिरक्या घेत करायच्या नाचाला 'गोल चाल'. दुसऱ्या अटीवर तोडगा जंगलातल्या लाकूडतोड्यांनी फार पूर्वीच काढून ठेवला होता. जिथे बायका नाहीत तिथे निम्म्या पुरुषांनी दंडाला रुमाल बांधायचा. रुमालवाला ती बाई. कॅनडात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मंगळवारी संध्याकाळी होरेस वर्गात गेला. तिथे कोळशाच्या गाडीवाला होता, एक दाताचा डॉक्टर होता, दोन भाऊ बेकरीवाले होते आणि पोलीस हवालदार मॅकिलरॉय होता. मॅकिलरॉय बेलफास्टकडचा, दाराएवढा रुंद. त्याच्या बायकोने त्याला वर्गात घातलं होतं, कारण पोलिसांच्या वार्षिक मेळाव्यात त्याने नाचताना साहेबांच्या पत्नीच्या पायाचं बोट मोडलं होतं.

प्रोफेसरांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं आणि बुटक्यांच्या टोकाला रुमाल वाटले. होरेसला तर टोक शोधावंच लागलं नाही.

"पहिल्या दिवसापुरतंच हां, पेटग्रू," प्रोफेसर म्हणाले. "पुढच्या मंगळवारी तुम्ही पुरुष."

पुढच्या मंगळवारी हवालदार म्हणाला, "मास्तर, माझ्या वाट्याला हीच बाई ठेवा. डॉक्टरची ढोपरं लागतात."

खरी गोष्ट अशी की होरेस त्या कामात तयार झाला. हातमोजे विकणाऱ्याचा हात हलका असतो. समोरचा अंगावर येतोय की मागे रेलतोय हे त्याला खांद्यावर ठेवलेल्या बोटांतून कळे. हवालदाराला डावं-उजवं सुचत नसे, तेव्हा होरेस बोटाने त्याचा खांदा किंचित दाबी आणि पुटपुटे, "आता डावीकडे... एक-दोन-तीन... हळू, कोपरा आलाय." आणि तो अगडबंब माणूस लोण्यासारखा वळे. बाकीच्यांनी हे पाहिलं. मग काय, होरेसच्या मागे रांग लागली. कोळशेवाला आल्या आल्या टोपी काढून म्हणायचा, "काय बाई, पहिली चाल आमच्याबरोबर ना?"

"आधी माझा नंबर," बेकरीवाला मध्ये पडे.

"मागच्या वेळी तूच होतास की रे! तुला काय आंदण दिलीय?"

आयुष्यात पहिल्यांदाच होरेससाठी कोणी भांडत होतं. ते त्याला आवडत नव्हतं असं म्हटलं तर खोटं ठरेल.

एकदा मात्र सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऐन जानेवारीत, गोल चाल रंगात आली असताना दार उघडलं आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाई, मिसेस स्क्रिमजर, छत्री घेऊन आत आल्या. पियानो मध्येच मुका झाला. त्यांच्या डोळ्यांसमोर गणवेशातला हवालदार मॅकिलरॉय हातमोजे विकणाऱ्या होरेसच्या कमरेला हात घालून उभा होता.

"हे काय चाललंय, प्रोफेसर?" बाईंचा आवाज बर्फासारखा होता.

प्रोफेसर दुवाल यांना पॅरिस, हॅमिल्टन काही आठवेना. बोलला तो होरेस. काउंटरवर जन्म गेलेल्या माणसाला बोलणं सुचतंच.

"बाईसाहेब, रस्त्यात एखाद्या बाईला मूर्च्छा आली तर सभ्य माणसाने तिला कसं सावरावं, याचा धडा आहे." आणि त्याने डोळे मिटून हवालदाराच्या हातात अंग टाकून दिलं.

मिसेस स्क्रिमजर यांनी छत्री खाली केली. "अस्सं. उपयोगी आहे. पुन्हा करा बरं. मला नीट दिसलं नाही."

होरेसला त्या संध्याकाळी वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात मूर्च्छा यावी लागली. कोळशेवाल्याने घाबरून त्याला खाली पाडलं तेव्हा बाई म्हणाल्या, "या माणसाला जास्त सराव द्या." आणि जाताना होरेसचं डोकं तपासून म्हणाल्या, "तुमच्यासारखी त्यागी माणसं हल्ली मिळत नाहीत." त्या दिवसापासून होरेसचा रुमाल उतरण्याची आशाच संपली.

बर्फ वितळलं, झाडांना पालवी फुटली. राणीचा वाढदिवस जवळ आला तसा होरेस दिवस मोजू लागला. शेवटी त्याने प्रोफेसरांना गाठलंच.

"मास्तर, मला एकदा तरी पुरुष होऊ द्या."

"कशाला?" प्रोफेसर दचकले. "अहो पेटग्रू, तुम्ही पुरुष झालात तर माझा वर्ग बुडाला! ते हवालदार कोणाला धरणार?"

"पण मला बेटावर एका खऱ्या बाईबरोबर—"

"नाच... आपलं, चाल ही एकच असते हो! इकडून बघा नाहीतर तिकडून. तुम्हाला चाल येते ना? वर्गात सगळ्यांत चांगली येते. मग घोडं अडलं कुठे?"

डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात जात नाही, ही गोष्ट होरेस रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगत होता. पण स्वतःच्या बाबतीत माणसाची अक्कल घरी राहते. त्याला प्रोफेसरांचं म्हणणं पटलं.

राणी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिचा वाढदिवस टोरांटोत दरवर्षी होतच असे. गावाला सुट्टी हवी होती आणि राणीची त्याला ना नव्हती. भर दुपारी बोटी भरभरून माणसं बेटावर उतरत होती. मंडपात बँड वाजत होता, फरशी घासून गुळगुळीत केली होती, खांबांना निशाणं लावली होती. वर्गातली मंडळी आपापल्या बायका घेऊन आली होती आणि होरेसला बघून लांबूनच टोप्या हलवत होती.

ऑगस्टा आपल्या खुर्चीवर बसली होती. निळा पोशाख, हातात तेच पहिले करडे मोजे. होरेस समोर जाऊन कमरेत वाकला आणि म्हणाला, "मिस लॉरी, चला."

कोणीतरी चला म्हणालं, एवढ्यानेच तिचा चेहरा असा उजळला की होरेसला वाटलं, आता फेरी नाही झाली तरी चालेल. पण ती उठली, आणि ती उठली की लोकांचं लक्ष जातंच. शेजारच्या टेबलावर कोणीतरी कुजबुजलं, "शिडी आणि बादली."

वॉल्ट्झ सुरू झाला. होरेसने डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला, म्हणजे ठेवायला वर नेला. ऑगस्टानेही आपला डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मग दोघांनी उजवा हात पुढे केला आणि हस्तांदोलन झालं. "माफ करा," होरेस म्हणाला. "छे, माझंच चुकलं," ती म्हणाली. बँड तोपर्यंत पुढे गेला होता. होरेसने ताल धरला, आणि अख्खा हिवाळाभर घोटलेलं पाऊल आपोआप मागे पडलं. ऑगस्टाने ऐकलं होतं की नाचात बाई मागे जाते. तीही मागे गेली. बघता बघता दोघं एकमेकांपासून अशी लांब झाली की लोकांना वाटलं यांचं भांडण झालं.

"पुन्हा," होरेस म्हणाला. घाम त्याच्या कॉलरमध्ये उतरत होता. या वेळी त्याने दात-ओठ खाऊन पाऊल पुढे टाकलं. ते ऑगस्टाच्या पायावर पडलं आणि त्याचं नाक तिच्या छातीवरच्या पदकावर आपटलं. ती मागे सरली, पण मागे चालणं तिला माहीत नव्हतं. मुलींच्या रांगांमागून ती जन्मभर पुढेच चालत आली होती. तिने सरळ सरबताच्या टेबलावर बैठक मारली. पेले खळाखळा फुटले. मंडपात हशा पिकला.

"फरशी फारच गुळगुळीत आहे," होरेस म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं!" शेजारच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं आणि पुन्हा हशा.

ऑगस्टा उठली. तिने पोशाख झटकला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "राहू द्या, होरेस. मला तरी कुठे येतंय? आजवर कोणी उठवलंच नाही, तर शिकणार कुठे? खुर्ची आहे माझी तिथं. मला सवय आहे."

होरेसने त्या खुर्चीकडे पाहिलं. ती खरंच रिकामी होती, भिंतीला टेकून, तिची वाट बघत असल्यासारखी. होरेसला स्वतःची लाज वाटत होती. ती क्षणात गेली आणि त्याला राग आला. हसणाऱ्या लोकांचा आला, त्या खुर्चीचा आला आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण काय करायचं ते त्याला कळलं होतं आणि करायला तो भीत होता. वर्गात, बंद दाराआड, रुमाल बांधणं वेगळं. इथे सगळं गाव होतं. दुकानातला तो फिसकन हसणारा सेल्समन होता. मिसेस स्क्रिमजर होत्या.

त्याने खिशातून रुमाल काढला, एक टोक दातात धरलं आणि भर मंडपात आपल्या दंडाला बांधला.

हशा थांबला. लोकांना आपण काय बघतोय ते क्षणभर समजलंच नाही. समजलं तेव्हा बेकरीवाल्यांची बायका-पोरं, बोटीवरचे खलाशी, सगळे खिदळू लागले.

"ऑगस्टा," होरेस म्हणाला, "मला फक्त मागे चालता येतं. हिवाळाभर तेवढंच शिकलोय. तुम्हाला पुढे चालता येईल?"

"पुढे?" ती म्हणाली. "मी दिवसभर दुसरं काय करते?"

"मग धरा मला. कमरेला. असं. मी पावलं सांगतो, तुम्ही वाटेवर नजर ठेवा. मला मागचं दिसत नाही."

"मला दिसतं," ऑगस्टा म्हणाली. आणि जन्मात पहिल्यांदा तिने मान न वाकवता, आपल्या पुऱ्या उंचीने उभं राहून सगळ्या मंडपावरून नजर फिरवली. "मला सगळं दिसतं."

तेवढ्यात हवालदार मॅकिलरॉय फरशीवर उतरला आणि चौकात गाड्या थांबवतो तसे त्याने दोन्ही हात पसरले. "सरका बाजूला! बाईला वाट द्या! गावात हिच्यासारखी बाई नाही, मी सांगतो, मी अख्खा हिवाळा हिच्याबरोबर काढलाय!" मागून मिसेस मॅकिलरॉयने त्याला पर्सने हाणलं.

"एक-दोन-तीन," होरेस म्हणाला. "लांब पाऊल. आता डावीकडे."

"मागे जाडी बाई आणि दोन पोरं."

"मग उजवीकडे. एक-दोन-तीन."

आणि जमलं. सुरुवातीला अडखळत, मग सरळ, मग गोल. ऑगस्टाची पावलं लांब होती आणि होरेसची जलद, पण खांद्यावरच्या बोटांनी तो तिला सांगत होता आणि ती ऐकत होती. हसणारे हळूहळू हसायचे थांबले. काहींनी तालावर टाळ्या धरल्या. मिसेस स्क्रिमजर शेजारणीला म्हणत होत्या, "मूर्च्छेचा धडा आहे तो. मी पाहिलाय."

ते मंडपाच्या टोकाला गेले, वळले आणि खुर्चीसमोरून गेले.

"झाली की फेरी," होरेस धापा टाकत म्हणाला. "एकच म्हणाला होतात."

"गप्प बसा आणि मोजा."

दुसरी फेरी झाली. तिसऱ्या वेळी खुर्चीसमोरून गेले तेव्हा तिच्यावर कोणीतरी म्हातारा येऊन बसला होता, आणि ऑगस्टाला ते दिसलंसुद्धा नाही.

"आता विचारू का?" होरेस म्हणाला.

"आता नको. वळण आहे."

"ऑगस्टा, माझ्याशी लग्न कराल?"

"हो."

"एक-दोन... काय म्हणालात?"

"हो म्हटलं. किती वेळा सांगू? हो!"

होरेसची पावलं चुकली. त्याने वर पाहिलं. वाटेवर नजर ठेवायचं काम ऑगस्टाचं होतं, पण ती वाटेकडे बघत नव्हती. साऱ्या मंडपावरून जिची नजर पोचायची ती बाई मान खाली घालून फक्त त्याच्याकडे बघत होती.

म्हणून निशाण लावलेला खांब दोघांनाही दिसला नाही. आवाज असा झाला की बँडवाल्याला वाटलं आपल्याच ढोलावर टिपरी पडली. होरेस खाली बसला तो हसत हसतच. ऑगस्टा त्याच्याशेजारी फरशीवर बसली, त्याच्या दंडाचा रुमाल सोडला, सांडलेल्या सरबतातला बर्फाचा खडा त्यात गुंडाळला आणि त्याच्या डोक्याच्या मागे टेंगळावर धरून ठेवला. बसल्यावर दोघांची उंची सारखीच होती.